तापीखोऱ्यातले दोन ताप

१८२२ साली खानदेशात हिंस्र श्वापदांनी, मुख्यतः वाघांनी, ५०० माणसे आणि २० हजार गुरे मारली. १८८० मध्ये छापलेल्या खानदेश गॅझेटियरात हा आकडा आहे. मे महिन्यातल्या दुपारी जळगावहून एरंडोल-पारोळामार्गे धुळ्याला जाणाऱ्या माणसाला तो खरा वाटणार नाही. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं, मधूनच एखादा निंब नाही तर बाभूळ, आणि नजर पोचेल तिथवर उन्हाची झळई. वाघ लपेल एवढी सावली मैलोन्‌मैल दिसत नाही.

त्या जंगलाची गोष्टही सरळ नाही. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजांनी हा मुलूख तुडवला, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला, मग पेंढाऱ्यांच्या धाडी. गावे ओस पडली, नांगर थांबले आणि पांढरीवरही रान चढले. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, तेव्हा तिथला पहिला अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्यापुढचे मोठे काम होते ते परागंदा झालेल्या माणसांना परत आणून वसवण्याचे. त्याने धुळे हे मुख्य ठिकाण केले आणि नवी पेठ आखली. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभारली. रान तोडायचे, शेत करायचे, शेतावर सारा बसवायचा, हे सरकारचे धोरण होते. उपाशी मुलखाला शेत हवेच होते. त्या पिढीला दोष देण्यात अर्थ नाही. पण तोड सुरू झाली ती तिथून, आणि पुढे तिला थांबायचे कारण उरले नाही.

खानदेशात ऊन पूर्वीही होतेच, असे जुनी माणसे सांगतात, आणि ते खरे आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, मध्ये तापीचे सखल खोरे. सह्याद्री ओलांडून येणाऱ्या ढगांत पाणी थोडेच उरते. धुळ्याकडे वर्षाला साधारण साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, जळगावकडे सातशेच्या आसपास. काळी जमीन तापते, खालचा काळा खडक ती धग धरून ठेवतो. म्हणून तर इथे जाड मातीच्या भिंतींची धाब्याची घरे बांधली, म्हणून नांगर पहाटे चारला जुंपले, म्हणून डोक्याला रुमाल गुंडाळल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नसे. उन्हाशी जुळवून घेण्याची विद्या या मातीत मुरलेली होती.

मग आता वेगळे काय झाले? माझ्या मते इथे दोन ताप एकावर एक चढले आहेत. एक घरचा: झाडे गेली, जमिनीतले पाणी उपसले गेले, नद्यांची पात्रे पोखरली गेली. दुसरा बाहेरचा: साऱ्या जगाच्या चिमण्यांतून आणि इंजिनांतून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडचा. आपण दोन्हींना मिळून ‘ग्लोबल वॉर्मिंग’ म्हणून मोकळे होतो. तसे केले, की गावच्या चुका जगाच्या नावावर खपतात आणि जगाचे देणे गावच्या नशिबावर ढकलले जाते. इतिहास लावून पाहिला, तर हे दोन ताप वेगवेगळे ओळखता येतात. गंमत अशी की दोघेही इथे आले ते एकाच रुळांवरून.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. भाव आभाळाला भिडला. वऱ्हाड आणि खानदेशच्या काळ्या जमिनीकडे सगळ्यांचे डोळे लागले आणि जळगावची पेठ कापसावर भरभराटीला आली. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे थळघाट चढून तापीखोऱ्यात उतरली. भुसावळला रुळांना फाटा फुटला. एक वाट १८६७ मध्ये नागपूरला पोचली, दुसरी १८७० मध्ये जबलपूरपाशी कलकत्त्याच्या लोहमार्गाला मिळाली. अडीच-पावणेतीनशे मैलांवरच्या बंदराशी आणि सात समुद्रांपलीकडच्या गिरणीशी खानदेशचे शेत एकदम जोडले गेले. पोटापुरती ज्वारी-बाजरी आणि थोडा कापूस पेरणारा शेतकरी आता बाजाराच्या भावाकडे बघून पेरू लागला.

रुळांना स्लीपर लागतात आणि स्लीपरला टिकाऊ लाकूड. सातपुड्यातला साग त्यासाठी नामी. कोळशाच्या खाणी दूर होत्या, तोवर हिंदुस्थानातल्या पुष्कळ इंजिनांच्या भट्ट्यांतही लाकूडच जळत होते. शहरे वाढली, त्यांना जळण हवे होते, घरांना तुळया हव्या होत्या. तोड इतकी वाढली, की १८७८ चा वन कायदा आला. कायद्याने जंगल राखीव केले, म्हणजे सरकारी केले. ज्या भिल्ल, पावरा, कोकणा, मावची लोकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले आणि सांभाळले होते, ते आपल्याच रानात चोर ठरले. लाकडाचा ठेका घेणारा मात्र रीतसर ठरला. सखल भागातले रान शेतीने खाल्ले आणि डोंगरावरचे बाजाराने, असा साधारण हिशोब आहे. डोंगर उघडे पडले, की पाऊस मुरत नाही, धावतो. उन्हाळ्यापर्यंत वाहणारे झरे दिवाळीला आटतात. घरच्या तापाची ही सुरुवात.

बाहेरच्या तापाचे शास्त्र त्याच काळात आकाराला येत होते. १८५६ मध्ये अमेरिकेतल्या युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळ्या उन्हात ठेवून दाखवले, की कार्बनिक ॲसिड वायू भरलेली नळी जास्त तापते. १८५९ पासून लंडनमध्ये जॉन टिंडॉल याने हवेतले कोणते वायू उष्णता अडवतात हे मोजले. आणि एप्रिल १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसने गणित मांडले: हवेतला हा वायू दुप्पट झाला, तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल. सूर्याचा उजेड या वायूतून सहज आत येतो, पण तापलेली जमीन जी उष्णता परत वर सोडते ती हा वायू अडवतो. थंडीत अंगावरची गोधडी करते तेच. एक गोधडी पृथ्वीला हवीच, नाहीतर सगळे गोठून जाईल. कोळसा जाळून आपण तिच्यावर दुसरी टाकत चाललो, हे अऱ्हेनियसच्या गणिताचे सार. हे व्हायला हजारो वर्षे लागतील असे त्याला वाटले होते, आणि थंड देशातला माणूस असल्याने ऊब वाढली तर बरेच, असेही.

त्याच १८९६ साली खानदेशात आणि दख्खनमध्ये पाऊस मध्येच उठून गेला. १८९६-९७ चा दुष्काळ पडला, मुंबईत प्लेग आला आणि रेल्वेने तो गावोगाव पोचला. सावरायच्या आत १८९९ चा पावसाळा कोरडा गेला. विक्रम संवत १९५६, म्हणून लोकांनी त्याला छप्पनचा दुष्काळ म्हटले. गुजरातेइतकीच खानदेशाचीही त्यात होरपळ झाली. गुरे चाऱ्यावाचून तडफडली, खडी फोडायच्या कामांवर माणसांची रीघ लागली. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होत्या. दुष्काळ आणि प्लेग दोन्ही पाहिलेली ती पिढी.

हे दुष्काळ जागतिक तापमानवाढीने पडले नव्हते, हे स्पष्ट सांगायला हवे. त्याआधीच्या मोठ्या दुष्काळाचे १८७७ आणि छप्पनच्या दुष्काळाचे १८९९ ही दोन्ही एल निनोची वर्षे होती. पॅसिफिक महासागराचा विषुववृत्तालगतचा पट्टा नेहमीपेक्षा गरम झाला, की आपला मान्सून अनेकदा दुबळा पडतो. १९०४ मध्ये भारतीय वेधशाळांचा प्रमुख म्हणून आलेल्या गिल्बर्ट वॉकरने पुढची वीस वर्षे जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे गोळा केले आणि त्या लांबच्या नात्याचा धागा हाती घेतला. पाऊस चुकवणे निसर्गाच्या हातात होते. धान्य स्टेशनावरून बाहेर जात असताना गावे उपाशी राहणे, हे मात्र माणसाचे काम होते. निसर्गाचा फटका आणि माणसाची व्यवस्था मिळून संकट उभे राहते, हा धडा तेव्हाचा आहे आणि आजच्या उन्हालाही लागू पडतो.

धुळे जिल्ह्यातल्या पांझरा खोऱ्यात त्याआधी किमान तीनशे वर्षे एक व्यवस्था चालू होती, तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. ती म्हणजे फड पद्धत. नदीत खडक बघून दगडी बंधारा घालायचा, काठाने पाट काढायचा आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडायचे. एका फडात एकच पीक: एकात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात हरभरा. फड दरसाल फिरते. प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा बहुतेक प्रत्येक फडात. पाऊस कमी झाला, की गाव बसून ठरवत असे, की यंदा एवढेच फड भिजवायचे, बाकीचे पडीक. ज्याचे शेत वर आहे त्याला भरपूर आणि शेवटच्याला काही नाही, असे होत नसे, कारण तूट सगळ्यांच्या वाट्याला सारखी येई. पाणी फिरवायला पाटकरी, पिकावर नजर ठेवायला जागल्या, देखरेखीला हवालदार. त्यांचा मोबदला गावकऱ्यांकडून. अवर्षणाशी कसे जगायचे, याचे इतके शहाणे उत्तर मला दुसरे माहीत नाही. तरुण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४-८५ मध्ये धुळ्याकडे सहायक अभियंता म्हणून आले, तेव्हा त्यांनी दातर्तीला पांझरेच्या कालव्यासाठी नळाचा सायफन बांधला. या खोऱ्यातले पाणी किती मोलाने वापरले जाते, हे त्यांना अगदी नोकरीच्या सुरुवातीलाच पाहायला मिळाले.

ही पद्धत कुणी एका दिवसात मोडली नाही. वर धरणे झाली, खाली प्रवाह घटला. मग ज्याने त्याने आपल्या रानात विहीर खोदली आणि पाणी खाजगी झाले. पाटाचे पाणी गावाने वाटावे लागते. विहिरीचे ज्याच्या मालकीची मोटर, त्याचे.

स्वातंत्र्यानंतरची तीस-पस्तीस वर्षे बांधणीची होती. गिरणा धरण १९६९ मध्ये झाले, तापीवर हतनूर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. वीज आली, पंप आले. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यात केळी पसरली आणि सावदा-निंभोऱ्याहून वॅगनी भरभरून दिल्लीला जाऊ लागल्या. पुढे ठिबक आले, ऊतिसंवर्धित रोपे आली, ग्रँड नैन जातीने बागांचा चेहरा बदलला आणि २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. या पिकाने हजारो घरे उभी केली, मुले शिकवली. त्याला नावे ठेवणारा माणूस खानदेश जाणत नाही. पण केळी पाणी पिते. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा जो पट्टा आहे, ज्याला भूजलवाले बझाडा म्हणतात, त्यातून पावसाचे पाणी खोल मुरून तापीच्या गाळाच्या थरात साठते. शतकानुशतके साठलेले ते पाणी आपण पन्नास वर्षांत ओढले. विहिरी गेल्या, कूपनलिका आल्या, मग कूपनलिका दरवर्षी खोल खोल गेल्या. रावेर आणि यावल भूजलाच्या अतिशोषित तालुक्यांत मोजले गेले.

पंपांना वीज लागते. भुसावळजवळ दीपनगरला १९६० च्या दशकाच्या अखेरीस औष्णिक केंद्राचा पहिला छोटा संच सुरू झाला, मग २१० मेगावॅटचे दोन आले, २०१२ मध्ये ५०० मेगावॅटचे दोन, आणि नंतर ६६० मेगावॅटचा. कोळसा येतो रेल्वेने, पाणी हतनूरचे. हिशोब करून पाहू. ५०० चे दोन संच पूर्ण भाराने एक तास चालले, तर दहा लाख युनिट वीज तयार होते. आपल्या कोळशात राख जास्त असते, म्हणून एका युनिटला साधारण पाऊण किलोच्या आत-बाहेर कोळसा लागतो आणि एक किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका तासात हजारेक टन. आपल्या घरातला पंखा फिरतो, रानातली मोटर चालते, मुंबई-पुण्याच्या इमारतींचे वातानुकूलन चालते, त्याची ही दुसरी बाजू. बाहेरचा ताप बाहेरच तयार होतो असे नाही. त्याची एक चूल खानदेशातही आहे, आणि तिची राख परिसरातल्या गावांवर पडते.

जगभरच्या अशा चुलींची मोजणी १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंगने सुरू केली. कारखानदारीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. कीलिंगने मोजायला घेतले तेव्हा ३१५ झाले होते. आज ४२० च्या वर आहेत. २०२४ हे उद्योगपूर्व काळाच्या तुलनेत दीड अंशाहून जास्त तापलेले पहिले वर्ष ठरले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तयार केलेला केंद्र सरकारचा २०२० चा अहवाल सांगतो, की १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. ०.७ हा आकडा लहान वाटतो. पण सरासरी एवढी सरकली, की टोके फार पुढे जातात. ४२ वर थांबणारा दिवस ४४ गाठतो, आणि दोन दिवसांत ओसरणारी लाट आठवडाभर मुक्काम ठोकते.

पावसाचे आकडे तर अधिक बोलके आहेत. १९५१ ते २०१५ या काळात मान्सूनचा एकूण पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला, आणि मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून जास्त कोसळण्याचे प्रसंग साधारण ७५ टक्क्यांनी वाढले. तापलेल्या अरबी समुद्रावरून जास्त बाष्प उचलले जाते आणि ते थोड्या वेळात रिकामे होते.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शेतीचे साल बदलते. सालदाराचा हिशोब मिटतो, नवा ठराव होतो, सासुरवाशिणी माहेरी येऊन झोके खेळतात. काही घरांत पाण्याने भरलेल्या मडक्याखाली पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे ठेवतात आणि कोणते जास्त भिजते ते पाहतात. या रिवाजामागे एक गृहीत आहे, की पाऊस चार महिन्यांत वाटून पडतो. कुठे कमी, कुठे जास्त. गेल्या पंधरा वर्षांत ते गृहीतच हलले. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू-हरभरा काढणीला असताना, महाराष्ट्रभर गारपीट झाली आणि खानदेशही सुटला नाही. २०१५ आणि २०१८ ला दुष्काळ. २०१९ ला पाऊस उघडेचना, वेचणीचा कापूस बोंडातच सडला. ३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री चाळीसगावच्या डोंगरात पाऊस कोसळला; तितूर आणि डोंगरी नद्या शहरात शिरल्या, आसपासच्या गावांतली शेकडो जनावरे गेली, आणि कन्नडच्या घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला. तो घाट औट्रम घाट म्हणून ओळखला जातो. भिल्ल पलटण उभारणारा तोच औट्रम.

पूर खानदेशाला नवे नाहीत, सप्टेंबर १८७२ मध्ये गिरणा आणि पांझरेने मोठा हाहाकार केला होता. एखाद्या पुराकडे बोट दाखवून हा तापमानवाढीचाच, असे म्हणता येत नाही. कोरडा आणि ओला दुष्काळ इतक्या लागोपाठ येतात, हे मात्र नवे आहे. आणि चाळीसगावला घरचा तापही हजर होता: उघडे डोंगर पाणी धरत नाहीत, आणि नदीच्या पात्रावर घरे-दुकाने चढली, की पाण्याला वाट उरत नाही.

मे महिन्यात रावेरच्या बागेत जाऊन पाहावे. केळीच्या पानांच्या कडा आधी पिवळ्या, मग तपकिरी होतात. पारा ४४-४५ वर टिकला, की घडाचा दांडा मान टाकतो आणि तयार होत आलेला घड सटकून खाली येतो. वर्षभराचा खर्च तिथे मातीत. बागेच्या पश्चिमेला गजराज गवताची नाही तर शेवरीची वाऱ्याला आड लावलेली असते, घडावर पिशव्या चढवलेल्या असतात, ठिबक दिवसातून दोनदा चालू असते, आणि विजेच्या वेळा मात्र ज्याच्या त्याच्या नशिबावर. जूनच्या तोंडावर वादळ आले, की उभी बाग एका तासात आडवी. हिवाळ्यात पारा दहाच्या खाली गेला, की चरका बसतो, पाने करपतात, घड पोसत नाही. पावसाच्या सुरुवातीची मृगबाग लावावी की पावसानंतरची कांदेबाग, हा हिशोब पिढ्यांच्या अनुभवावर बसलेला होता. आता तो दरवर्षी नव्याने मांडावा लागतो. हवामानावर आधारित पीकविमा आहे. ठरलेल्या मर्यादेवर पारा ठरलेले दिवस राहिला, तर भरपाई मिळते. पण पारा मोजला जातो मंडळातल्या केंद्रावर आणि घड सटकतो शेतात, या अंतरातले भांडण दरवर्षी चालते.

बागायतदाराला निदान विमा आहे. कापसाची टोकणी करणाऱ्या, वीटभट्टीवर विटा थापणाऱ्या, भुसावळच्या यार्डात हमाली करणाऱ्या माणसाला काय आहे? २०२४ च्या मे महिन्यात जळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांना जमावबंदीचे कलम वापरून भर दुपारच्या कष्टाच्या कामांवर बंधने घालावी लागली. आदेश योग्यच होता, त्याने काहींचे जीव वाचले असतील. पण दुपार बंद म्हणजे अर्धी मजुरी बंद. पत्र्याच्या खोलीत त्या दुपारी बसणे हीसुद्धा शिक्षाच, कारण धाब्याची घरे पाडून आपण पत्रे आणि स्लॅब घातले. बाईमाणसाला तर चुलीपुढची धग वेगळी. उष्माघाताच्या सरकारी आकड्यांत यातले फार थोडे येते. पुष्कळ मृत्यू हृदयविकार किंवा ‘अचानक’ या सदरात जातात.

या माणसाने जग तापवलेले नाही. भारतात दरडोई वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या आसपास, अमेरिकेची चौदा. साक्रीच्या डोंगरातल्या मजुराचा वाटा आपल्या सरासरीच्याही खूप खाली. ज्या लँकेशायरने त्याच्या पणजोबाच्या शेतातला कापूस नेला, त्या लँकेशायरच्या कोळशाचा धूर आजही हवेत आहे, कारण या वायूचा मोठा हिस्सा शतकानुशतके टिकतो. हे देणे श्रीमंत देशांनी फेडायला हवे, आणि ते ठणकावून मागायला हवे.

घरच्या तापावर मात्र इथेच काम झाले आहे. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी २००४ पासून नाले रुंद-खोल केले, बंधाऱ्यांची साखळी घातली. कोरड्या विहिरींना पाणी आले. त्यावर तज्ज्ञांचे आक्षेप आहेत. सगळीकडे यंत्राने नाले खोदणे धोक्याचे, हा त्यातला आक्षेप मला पटतो, कारण जिथे खडक वेगळा तिथे उत्तरही वेगळे. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने तापी महापुनर्भरण योजनेचा करार केला. पुराचे पाणी सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या बझाडा पट्ट्यात मुरवायचे. योजना मोठी आहे आणि गरजेची आहे. पण मुरवलेले पाणी किती उपसायचे, हे ठरवणारी फडासारखी बैठक तिच्यात कुठे आहे, हा प्रश्न आत्ताच विचारला पाहिजे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, आणि २०१३ पासून शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प चालतो. पवनचक्क्यांसाठी घेतलेल्या जमिनींवरून आदिवासींना झगडावे लागले, तेही नोंदले पाहिजे. स्वच्छ विजेलाही हिसकावलेली जमीन शोभत नाही.

त्याच साक्री तालुक्यात बारीपाडा आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हा पाडा उजाड डोंगराखाली होता, बायका पाण्यासाठी लांब जात. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी बसून नियम केले: झाड तोडले तर दंड, चराई ठरलेल्या जागी, पहारा आळीपाळीने. डोंगरावर चर खणले. सुमारे चारशे हेक्टर जंगल उभे राहिले, झरे परतले, आणि पुढे या गावाने शेजारच्या गावांना पाणी दिले. दरवर्षी तिथे वनभाज्यांचा महोत्सव होतो. २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली.

हे काम थोर आहे, आणि म्हणूनच त्याच्यावर न पेलणारे ओझे टाकू नये. असे जंगल हेक्टरी वर्षाला दोन ते चार टन कार्बन डायऑक्साइड शोषते असे धरले, तर चारशे हेक्टरांचे आठशे ते सोळाशे टन होतात. एका गावाने तीस वर्षे राखलेल्या जंगलाची वर्षभराची कमाई दीपनगरचे ते दोन संच दोन तासांच्या आत उडवतात. बारीपाड्याने आपला घरचा ताप उतरवला आहे. दुसरा उतरवायचा, तर कोळशाचे संच कोणत्या वर्षी कोणत्या क्रमाने बंद होणार, तिथल्या कामगारांना पुढे काय काम मिळणार आणि त्या जागी रात्रीची वीज कुठून येणार, याचा कागद मुंबईच्या मंत्रालयातून निघावा लागेल.